लेकीची सरकारी शाळा: ब्राँक्स सायन्स

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत गणपतीच्या आरतीनंतर हमखास निघणारे विषय दोनच: भारताची तिकिटं आणि मुलांच्या शाळा. मुलगी सातवीत गेली त्या वर्षी प्रसादाची वाटी हातात असतानाच एका ताईंनी मला विचारलं, "एसएचसॅटचं काय ठरवलंय?" तोवर मी शहराच्या खास हायस्कुलांच्या या प्रवेश परीक्षेचं नाव नुसतं ऐकून होते. त्या रात्रीपासून पुढचं दीड वर्ष आमच्या घरात हाच विषय राहिला. आता ती शहराच्या ब्राँक्स भागातल्या ब्राँक्स सायन्स या हायस्कुलात अकरावीत आहे. मराठी पालक अजूनही फोन करून विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे.

न्यूयॉर्क शहरात नववी ते बारावीचं हायस्कूल वेगळं असतं आणि त्यात आठवीत असतानाच प्रवेश ठरतो. शहराची नऊ खास सरकारी हायस्कुलं आहेत. त्यातली लगॉर्डिया ही कलांची, तिची निवड वेगळी. उरलेल्या आठांत प्रवेश मिळतो तो फक्त या एका परीक्षेवर. वर्गातले गुण, शिक्षकांची शिफारस, मुलाखत, प्रमाणपत्रं, यातलं काहीही धरत नाहीत. स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तीन जुन्या शाळांसाठी ही परीक्षा न्यूयॉर्क राज्याने १९७१ साली कायद्यानेच बांधून दिली आहे, त्यामुळे शहराच्या महापौरांनाही ती आपल्या सहीने बंद करता येत नाही. २०१८ साली तेव्हाच्या महापौरांनी परीक्षा हटवायचा प्रस्ताव आणला होता. राज्याच्या विधिमंडळात तो पुढे सरकला नाही. या सगळ्या शाळांत फी शून्य आहे. पुस्तकं शाळेची, रेल्वेचा पास शहराचा.

परीक्षा तीन तासांची. भाषेचे ५७ प्रश्न, गणिताचे ५७, कॅल्क्युलेटर नाही. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत आणि सुरुवात कुठल्या भागापासून करायची ते मुलांनी ठरवायचं. आमच्या मुलीच्या वेळी, २०२२ च्या शरदात, ती कागदावर होती. २०२५ पासून संगणकावर घेतात. मी कोल्हापुरात चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप दिलेली, त्यामुळे गणिताचा कागद बघून मला फारसं बिचकायला झालं नाही. पण भाषेचे उतारे वाचल्यावर मी शांतपणे बसून विचार केला. तेरा वर्षांच्या मुलाने न आवडणारा उतारा चिकाटीने वाचून त्यात लेखकाने अमुक वाक्य तिथेच का ठेवलं असेल हे ओळखायचं, ही गोष्ट रट्टा मारून जमत नाही. त्यासाठी घरात वाचन लागतं.

क्वीन्समध्ये या परीक्षेच्या क्लासेसची रांग लागलेली आहे. एका क्लासमध्ये आम्हीही नाव घातलं होतं. तिथे मुलांना दर शनिवारी सराव परीक्षा, मग गुणांची यादी भिंतीवर. मुलगी घरी येऊन जेवायची नाही. थोड्याच आठवड्यांत तिला तिथून काढलं आणि शहराच्या शिक्षण विभागाची मोफत पुस्तिका घेतली. तिच्यात पूर्ण सराव परीक्षा असतात, उत्तरांची फोड असते. ती नीट, घड्याळ लावून, पुन्हा पुन्हा सोडवली आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला हे वहीत लिहिलं तर तेवढं पुरतं, असं माझं ठाम मत झालं आहे. संध्याकाळी स्वयंपाक करताना ती मला उतारा वाचून दाखवायची आणि मी तिला प्रश्न विचारायचे. पोळ्या लाटता लाटता मीही इंग्रजी सुधारून घेतलं.

पसंतीक्रम भरायच्या वेळी मात्र खरी कसोटी. शाळांची यादी मुलाने आपल्या आवडीच्या क्रमाने द्यायची असते. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याचा क्रम आधी पाहतात, मग त्याच्या खालच्याचा, आणि ज्याची पाळी आली त्याला त्याच्या यादीतली जागा शिल्लक असलेली पहिली शाळा देतात. ओळखीतले सगळे म्हणत, स्टायव्हेसंट वर लिहा, तिथली कटऑफ सर्वांत वर असते. मुलगी म्हणाली, आधी दोन्ही शाळा बघू.

ब्राँक्स सायन्सला गेलो तेव्हा दाखवायला शिक्षक नव्हते, अकरावीतली मुलं होती. दारातून आत गेलं की समोरच काचेच्या तुकड्यांचं साठेक फूट लांबीचं प्रचंड भित्तिचित्र आहे. त्यात ज्ञानाची एक विराट आकृती हात पसरून उभी आणि तिच्या छायेत मारी क्युरी, डार्विन असे विज्ञानातले लोक. वर जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाचं एक वाक्य कोरलंय, विज्ञानातली प्रत्येक मोठी झेप कल्पनाशक्तीच्या नव्या धाडसातून आली, अशा अर्थाचं. विज्ञानाच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर प्रयोगशाळेऐवजी कल्पनाशक्तीचा उल्लेख असावा, हे मला फार भावलं.

आमच्या गटाला फिरवणाऱ्या मुलाने शाळेचा इतिहास सांगितला तो घरच्या गोष्टी सांगाव्यात तसा. शाळा १९३८ साली सुरू झाली, क्रेस्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका जुन्या इमारतीत, नववी-दहावीच्या काही शे मुलांवर. पहिले मुख्याध्यापक मॉरिस माइस्टर. त्यांनी वीस वर्षं शाळा चालवली. सुरुवातीला फक्त मुलगे होते. मुलींना १९४६ पासून घेतलं. स्टायव्हेसंटमध्ये मुलींना पाय ठेवायला १९६९ उजाडलं, तेही एका मुलीने कोर्टात धाव घेतल्यावर. आत्ताची २०५व्या रस्त्यावरची इमारत १९५९ ची. नव्या इमारतीत जायच्या वेळी ग्रंथालयातली पुस्तकं हलवायची कशी, हा प्रश्न होता. प्रत्येक मुलाने जुन्या ग्रंथालयातून पाच पाच पुस्तकं घरी न्यायची आणि नव्या ग्रंथालयात परत करायची, असं ठरलं आणि ग्रंथालय आपोआप हललं. हे ऐकल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की यादीत पहिलं नाव कुणाचं लागणार.

परीक्षेच्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन पेन्सिली, पाण्याची बाटली, आणि आदल्या रात्री लवकर झोप. निकाल मार्चमध्ये शहराच्या संकेतस्थळावर लागतो. ती शाळेतून परतली, दप्तर न काढताच लॅपटॉप उघडला आणि "आई, ब्राँक्स!" एवढंच म्हणाली. मी कोल्हापूरला फोन लावला. तिथे पहाट झाली नव्हती, पण आबा जागे होते.

त्या वर्षी सव्वीस हजारांच्या आसपास मुलं बसली होती आणि चार हजारांहून थोड्या जास्त मुलांना आठ शाळांत मिळून जागा मिळाल्या. आनंद होताच. पण काही महिन्यांनी वर्तमानपत्रांत दुसरे आकडेही आले. मिळालेल्या जागांपैकी निम्म्याहून जास्त आशियाई मुलांच्या होत्या. शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं बहुसंख्य आहेत, आणि स्टायव्हेसंटच्या सातशेहून अधिक जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना दहासुद्धा मिळाल्या नव्हत्या. पुढे रोज शाळेच्या रस्त्यावरून जाताना हे मला जास्तच टोचत राहिलं, त्याबद्दल खाली लिहिते.

सप्टेंबर २०२३ मध्ये ती नववीत गेली. पहिला महिना रेल्वे समजण्यात गेला. जॅक्सन हाइट्सहून ई गाडी, सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूला उतरून डी किंवा बी, आणि थेट बेडफर्ड पार्क बुलेव्हार्ड. एका बाजूचा तासाहून जास्त वेळ. काही पालक पैसे भरून खासगी बस लावतात. आम्ही लावली नाही आणि त्याचं एक कारण शेल्डन ग्लॅशो हे आहेत. ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे दोघं याच शाळेच्या १९५० सालच्या तुकडीचे वर्गमित्र, दोघांना १९७९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं. ग्लॅशोंनी आपल्या आत्मवृत्तात लिहिलंय की ते, वाइनबर्ग आणि गॅरी फाइनबर्ग सबवेतून जाता-येता एकमेकांना भौतिकशास्त्र शिकायला भरीस घालत. कॅल्क्युलस तर त्यांना डॅन ग्रीनबर्गर नावाच्या वर्गमित्राने शाळेच्या जेवणाच्या खोलीत शिकवलं. मी हे वाचलं तेव्हा या शाळेचं रहस्य मला एकदम उलगडलं. इथे शिक्षक उत्तम आहेतच, पण जिथे तीन हजार मुलांना एकाच गोष्टीचं वेड आहे तिथे मुलंच एकमेकांना वाढवतात. हे गाडीत घडतं, डब्याच्या वेळी घडतं, शाळा सुटल्यावर घडतं. आमची लेकही आता डी गाडीत उभ्याउभ्या मैत्रिणीला रसायनशास्त्र समजावते आणि तिच्याकडून इतिहास समजून घेते.

शाळा सुरू होऊन महिनाच झाला होता आणि ऑक्टोबरच्या एका सोमवारी आम्ही उठायच्या आत स्टॉकहोमहून बातमी आली. क्लॉडिया गोल्डिन यांना अर्थशास्त्राचं नोबेल. गोल्डिन १९६३ च्या तुकडीच्या. त्या दिवशी शहराच्या शाळांना सुट्टी होती, त्यामुळे मुलांचे फोन वाजत राहिले आणि मंगळवारी शाळेत दुसरा विषय नव्हता. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना तोवर आठ नोबेल मिळाली होती, सात भौतिकशास्त्रात आणि एक, २०१२ साली रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांचं, रसायनशास्त्रात. आठही पुरुष. नववं एका बाईला मिळालं, अर्थशास्त्राचं हे पारितोषिक कुणाबरोबर वाटून न घेता एकटीने मिळवणारी ती पहिली स्त्री, आणि ज्यासाठी मिळालं ते संशोधन बायकांच्या नोकरीवर आणि मिळकतीवर, दोनशे वर्षांच्या नोंदी खणून काढून केलेलं. त्या शाळेत आल्या होत्या त्या मात्र सूक्ष्मजीवशास्त्राच्या ओढीने. मी माझ्या लेकीला एवढंच म्हटलं की आत्ता जे आवडतं तेच शेवटपर्यंत आवडायला पाहिजे असं काही नाही. ती म्हणाली, "मला माहितीये गं." पण त्या दिवसापासून जीवशास्त्रातल्या कमी गुणांवरून रडणं थांबलं, हे खरं.

अभ्यासाबद्दल लोक फार विचारतात. अभ्यास भरपूर आहे आणि रात्री उशिरापर्यंत चालतो, हे लपवण्यात अर्थ नाही. राज्याच्या रीजेंट्स परीक्षा सगळ्यांना असतातच, त्यांची इथल्या मुलांना फिकीर नसते. कॉलेजच्या पातळीचे एपी विषय दहावीपासूनच सुरू होतात. पण मला या शाळेत सर्वांत मोलाचा वाटतो तो संशोधनाचा तीन वर्षांचा वर्ग. नववीत असताना त्यासाठी अर्ज करायचा. दहावीत संशोधनाचे निबंध वाचायला शिकवतात, प्रश्न कसा मांडायचा ते शिकवतात. मग मुलांनी स्वतः शहरातल्या विद्यापीठांतल्या आणि इस्पितळांतल्या शास्त्रज्ञांना पत्रं लिहून, आम्हाला तुमच्या प्रयोगशाळेत काम करू द्याल का, असं विचारायचं. पुष्कळ जण उत्तर देत नाहीत. आमच्या मुलीने पहिलं नकाराचं पत्र आलं ते जपून ठेवलंय, कारण त्यात त्या बाईंनी तिचा प्रश्न चांगला आहे असं लिहिलं होतं. शेवटी एका प्रयोगशाळेत जागा मिळाली. आता ती फळमाशांच्या झोपेवर काम करते आहे आणि बारावीत ते लिहून काढेल. १९४२ पासून चालत आलेल्या सायन्स टॅलेंट सर्च या देशव्यापी स्पर्धेत या शाळेच्या इतक्या पिढ्या अंतिम फेरीत गेल्या आहेत की दुसऱ्या कुठल्याच शाळेला एकूण आकड्यात तिची बरोबरी करता आलेली नाही. सरकारी शाळेतल्या मुलाला सोळाव्या वर्षी खऱ्या प्रयोगशाळेच्या दाराशी नेऊन उभं करायचं, ही पद्धत महाराष्ट्रातल्या आपल्या शाळांतही यावी असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईत संस्था काय कमी आहेत?

वादविवादाचा संघ हे दुसरं विश्व. मी शाळेत वक्तृत्व स्पर्धेत बोलायचे, म्हणजे बाईंनी लिहून दिलेलं पाठ करून हातवारे करायचे. इथे विषय दर थोड्या दिवसांनी बदलतो, आणि कुठली बाजू मांडायची ते कधी कधी नाणं उडवल्यावर ठरतं. त्यामुळे दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते. दर ऑक्टोबरला शाळेत देशभरातल्या संघांची मोठी स्पर्धा भरते आणि परीक्षक कमी पडतात म्हणून पालकांना बसवतात. पहिल्यांदा बसले तेव्हा एका मुलाच्या बोलण्याचा वेग असा होता की माझ्या कागदावर निम्मे मुद्देही उतरले नाहीत. आता जमतं. कागद उभा दुमडून दोन बाजू करायच्या, कुणाच्या मुद्द्याला उत्तर मिळालं नाही तिथे खूण करायची, आणि आवाजाला न भुलता खुणा मोजायच्या. घरी जेवताना लेक माझ्याशी वाद घालते तेव्हाही मी मनात त्याच खुणा करत असते.

रोबोटिक्सचे दोन संघ आहेत, त्यातला फी मेडन्स हा फक्त मुलींचा. जानेवारीत स्पर्धेचा खेळ जाहीर होतो आणि मग काही आठवडे या मुली रात्री घरी येतात त्या हाताला ग्रीस लावूनच. माझी मुलगी त्यात नाही, तिच्या जिवलग मैत्रिणी आहेत, आणि त्यांना ड्रिल मशीन चालवताना पाहून मला १९३८ ची ती फक्त मुलग्यांची शाळा आठवते.

आणि कुस्ती. आबांना फोनवर शाळेबद्दल सांगत होते तेव्हा नोबेल वगैरे ऐकून ते नुसते हं हं करत होते. मग मी सांगितलं, नील डिग्रास टायसन, इथल्या हेडन तारांगणाचे संचालक, १९७६ साली याच शाळेतून बाहेर पडले, तेव्हा ते शाळेच्या भौतिक विज्ञानाच्या नियतकालिकाचे संपादक होते आणि कुस्तीच्या संघाचे कप्तानही. आबांची सगळी तरुणाई गंगावेस तालमीत गेलेली. ते एकदम खुलले. "मग पैलवानच की गं त्यो! शाळा चांगली हाय तुमची." त्यानंतर प्रत्येक फोनला नातीला विचारतात, "आखाडा बघितलास का?" तिने एकदा सरावाचा व्हिडिओ काढून पाठवला. मातीऐवजी गादी बघून आबा थोडे हिरमुसले, पण पट काढलेला मुलगा त्यांना पसंत पडला.

आता त्या रस्त्याबद्दल. ब्राँक्स सायन्सच्या अगदी शेजारी डेविट क्लिंटन हे दुसरं सरकारी हायस्कूल आहे. तेही थोर परंपरेचं. लेखक जेम्स बाल्डविन तिथे शिकले, कॉमिक्सवाले स्टॅन ली तिथे शिकले. पण तिथे प्रवेश परीक्षा नाही आणि येणारी मुलं बहुतेक त्याच भागातली, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय, हातावर पोट असलेल्या घरांतली. सकाळी बेडफर्ड पार्कच्या स्टेशनातून दोन्हीकडची मुलं एकाच जिन्याने वर येतात आणि पुढे दोन दारांनी आत जातात. ब्राँक्समधल्या शाळेत ब्राँक्सच्या मुलांची संख्या इतकी थोडी असावी याचा मला त्रास होतो. आपल्या मुलीची जागा कुणी हिसकावून घ्यावी असं कोणत्याच आईला वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण १९६० साली याच शाळेतून शिकून स्टोकली कारमायकल बाहेर पडले आणि नागरी हक्कांच्या लढ्यात उतरले, हे शाळा अभिमानाने सांगते. मग आज त्या भागातल्या हुशार मुलीला सहावी-सातवीतच चांगलं गणित आणि चांगली पुस्तकं का मिळत नाहीत, हेही शाळेने आणि आम्ही पालकांनी मिळून विचारायला हवं. थोड्या गुणांनी हुकलेल्या गरीब घरच्या मुलांसाठी डिस्कव्हरी नावाची उन्हाळी वर्गाची सोय आहे, त्यातून आलेली एक मुलगी लेकीच्या संशोधनाच्या वर्गात आहे आणि ती वर्गातली सर्वांत नेटकी प्रयोगवही ठेवते. ही वाट रुंद करायला हवी. पालकांच्या सभेत मी हे बोलले आहे. काहींना आवडलं नाही, काही जण सभेनंतर येऊन भेटले, आणि आता आम्ही काही पालक शनिवारी शेजारच्या वाचनालयात सहावी-सातवीच्या मुलांचं गणित घेतो. क्लासच्या भिंतीसारखी यादी तिथे लावत नाही.

धाकटा यंदा आठवीत आहे. ताईच्या शाळेत जाणार का, असं सगळे विचारतात. त्याला तिकडे जायचंच नाही. त्याला चित्रं काढायची आहेत, आणि लगॉर्डियासाठी त्याने चित्रांची फाइल तयार करायला घेतली आहे. त्यात त्याने गेल्या मे महिन्यात रंकाळ्यावर बसून काढलेली आबांची तीन रेखाटनं आहेत. अर्जाची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, त्यामुळे सध्या घरात उताऱ्यांऐवजी कोळशाचे हात लागलेले कागद सगळीकडे पसरलेले असतात.